रात्री दोनला उठवणार कोण? मौसम, सचेत, फ्लडवॉच आणि दामिनी नागपूरच्या धोक्यांवर घासून पाहिली

चारही ॲप फुकट आहेत, चारही सरकारी संस्थांची आहेत आणि आमच्या मते चारही फोनमध्ये असायला हवीत. पण नाल्याकाठच्या ले-आउटमध्ये किंवा कन्हान नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने त्यांपैकी कोणावर कशासाठी विसंबावं आणि कशासाठी मुळीच विसंबू नये, हे त्या ॲपच्या वर्णनात लिहिलेलं नसतं. म्हणून हे परीक्षण.

पारखायला जिल्ह्याचाच इतिहास घेतला. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडवर वर्धा नदीचा पूर आला आणि २०४ माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या चौराई धरणातून पाणी सुटलं, खाली तोतलाडोह धरणाचे सगळे १४ दरवाजे उघडावे लागले आणि पेंच-कन्हानच्या काठची पारशिवनी, कामठी, मौदा भागातली गावं पाण्यात गेली. २३ सप्टेंबर २०२३ ला शहरातच पहाटेच्या चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत घरांत आणि दुकानांत पाणी घुसलं.

तिन्ही वेळा पाणीच, पण सावध व्हायला मिळणारा वेळ निराळा. मोठ्या नदीचा पूर वरच्या भागातल्या पावसावरून काही तास, कधी दिवसभर आधी कळू शकतो. धरणाचं पाणी दरवाजा उघडल्यापासून गावापर्यंत यायला काही तास घेतं. शहरातला नाला मात्र पाऊस जोरात आल्यापासून अर्ध्या-एक तासात रस्त्यावर येतो. एकच ॲप या तिन्हींना पुरेल ही अपेक्षा पहिल्यांदा सोडून द्या.

मौसम

भारतीय हवामान विभागाचं हे ॲप २०२० पासून आहे. शहराचा सात दिवसांचा अंदाज, जिल्ह्याचा रंगीत इशारा, पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज म्हणजे नाऊकास्ट, आणि रडारची चित्रं हे सगळं एका ठिकाणी मिळतं. नागपूरकरांचं नशीब असं की विदर्भाचं प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला विमानतळाजवळच आहे आणि डॉप्लर रडारही नागपुरातच आहे. रडारपासून जितकं लांब जावं तितका त्याचा झोत जमिनीपासून उंच जातो आणि खालचा पाऊस निसटतो. आपण अगदी जवळ असल्याने शहराभोवतीचं चित्र बऱ्यापैकी खरं दिसतं.

सर्वांत जास्त गैरसमज रंगांबद्दल आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा रंग पूर्ण जिल्ह्याला मिळतो, आणि नागपूर जिल्हा ९,८९२ चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा आहे. नरखेड ते भिवापूर हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. केशरी रंग असताना काटोलला धो धो आणि उमरेडला ऊन, हे चुकीचं भाकीत नसतं. जिल्हा एवढा मोठा असल्यावर तसं होणारच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हवामान विभागाचं पावसाचं वर्गीकरण २४ तासांचं आहे: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. आता २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या मापात बसवून पाहा. शंभराच्या आसपासचा पाऊस दिवसभरात पडला असता तर तो फक्त ‘जोरदार’ ठरला असता, शेतकऱ्यांनी चांगला म्हटला असता आणि नाग नदीने तो गुपचूप वाहून नेला असता. तेवढंच पाणी चार तासांत आल्यावर शहर बुडालं. ढगफुटी म्हणायला तासाला १०० मिलिमीटर लागतात, त्यामुळे ती ढगफुटीही नव्हती. रंग आणि वर्ग दोन्ही ‘किती’ सांगतात, ‘किती वेळात’ हे सांगत नाहीत, आणि नाल्याकाठी जीव अवलंबून असतो तो दुसऱ्या आकड्यावर.

म्हणून मौसममध्ये रोजच्या अंदाजापेक्षा नाऊकास्ट आणि रडार हे दोन भाग वापरा. रडारचं एकच चित्र पाहून काही कळत नाही. दहा-दहा मिनिटांच्या अंतराची तीन-चार चित्रं ओळीने पाहा. डाग सरकत असेल तर तो कुठे निघालाय ते दिसतं. डाग एकाच जागी राहून पुन्हा पुन्हा गडद होत असेल, किंवा एकामागून एक ढग त्याच रेषेवरून येत असतील, तर ती पुराची खूण. रंगपट्टीवर ४० डीबीझेडच्या (ढगातून रडारला परत मिळणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) वर चांगलाच पाऊस असतो, ५० च्या वर गारांची शक्यता धरावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांनी हा ५० चा आकडा लक्षात ठेवावा. झाडावरची फळं झाकता येत नाहीत, पण तोडून ठेवलेला माल, बैल आणि माणसं आडोशाला नेता येतात.

उन्हाळ्यात मौसमचं काम बरं आहे, पण एक सावधगिरी हवी. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि तो देशभर फिरला. नंतर हवामान विभागानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. स्वयंचलित केंद्रावर माणूस नसतो, तिथला आकडा तपासणीआधीच बाहेर पडतो. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा आहे, मे २०१३ मधला. त्याहून फार मोठा आकडा दिसला तर आधी सोनेगाव वेधशाळेची नोंद पाहा. सपाट प्रदेशात ४५ ला उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट धरतात. मात्र पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या कमाल तापमानाइतकंच रात्रीचं किमान तापमान छळतं. शरीर रात्री थंड झालं नाही की दुसरा दिवस पहिल्याहून जड जातो. ॲपमध्ये किमान तापमानाचा आकडा असतो, तोही वाचत जा. नागपूर महानगरपालिकेचा उष्माघात कृती आराखडा २०१६ पासून आहे. तोही या अंदाजांवरच चालतो.

सचेत

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही सेवा, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने उभारलेली. चारांत सर्वांत मोठी व्यवस्था हीच आहे, कारण ॲप हा तिचा फक्त एक तुकडा. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग अशा संस्थांकडून इशारा निघतो, राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तो पाहून मंजूर करतं आणि मग तो त्या भागातल्या टॉवरांवरच्या फोनांना एसएमएसने जातो, मराठीतही. ॲप नसलेल्या, साधा कीपॅड फोन असलेल्या माणसापर्यंत पोचणारी चारांतली ही एकच सेवा. एवढ्यासाठी तिला आमच्याकडून सर्वांत जास्त गुण.

उणीव याच रचनेत आहे. मधे मंजुरीची पायरी आहे, आणि ती असायलाही हवी, नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा पूर येईल. पण त्या पायरीला वेळ लागतो. एसएमएस एकेक करून सुटतात, टॉवरवर गर्दी असेल तर रांगेत थांबतात. दिवसभर आधीचा उष्णतेचा इशारा किंवा चार तास आधीचा धरणाचा इशारा यात चालून जातो. अर्ध्या तासात चढणाऱ्या नाल्याला हे गणित जमत नाही. शिवाय एसएमएसचा आवाज तो काय. रात्री दोनला उशीजवळच्या फोनवर एक टिंग वाजलं म्हणून कुणी उठत नाही.

यावर खरा उपाय आहे सेल ब्रॉडकास्ट. यात टॉवर आपल्या आवाक्यातल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी निरोप देतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, गर्दीचा परिणाम होत नाही आणि फोन मोठ्या वेगळ्या आवाजात, थरथरत वाजतो. २०२३ मध्ये देशभर याच्या चाचण्या झाल्या तेव्हा बऱ्याच जणांनी दचकून फोन बंद केले आणि काहींनी ही सोय सेटिंगमधून कायमची काढून टाकली. ती परत चालू करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ लिहिलं की ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ सापडतं. कंपनीप्रमाणे जागा बदलते, म्हणून शोधूनच जा. आत गेल्यावर सगळे प्रकार चालू ठेवा, चाचणीचेसुद्धा, आणि थरथरही चालू ठेवा. आयफोनमध्ये ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीत अगदी तळाशी पाहा. घरातल्या प्रत्येक फोनवर हे करायचं, आजी-आजोबांच्या फोनवर सर्वांत आधी. २०२३ च्या पुरात मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी थरथर हाच भोंगा, आणि तो फोन टेबलावर नको, अंथरुणाला लागून हवा.

ॲपमध्ये आपल्या ठिकाणाखेरीज दुसरा जिल्हाही निवडून ठेवता येतो. शहरात नोकरी आणि आईवडील चंद्रपूर-भंडाऱ्याला, अशा घरांनी हे आवर्जून करावं. गावाकडच्या घराला पहिला फोन बहुतेक वेळा शहरातूनच जातो.

फ्लडवॉच इंडिया

केंद्रीय जल आयोगाचं ॲप, ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. देशभरातल्या नदीकेंद्रांची पाण्याची पातळी नकाशावर रंगीत ठिपक्यांनी दिसते. हिरवा म्हणजे नेहमीची, पिवळा म्हणजे इशारा पातळीच्या वर, केशरी म्हणजे धोका पातळीच्या वर, लाल म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पातळीला भिडलेला पूर. पुढच्या २४ तासांचा पातळीचा अंदाज मिळतो. ठिपक्यावर बोट ठेवलं की पातळी मीटरमध्ये दिसते, आणि ती समुद्रसपाटीपासूनची असते. नदीतल्या पाण्याची ती खोली नव्हे. नवखा माणूस इथेच गोंधळतो. नुसती पातळी पाहू नका, धोका पातळी त्यातून वजा करा आणि दर तासाला किती सेंटिमीटर वाढ होते तेवढं वहीत लिहा. तासाला पाच सेंटिमीटरने चढणारी आणि तासाला चाळीसने चढणारी नदी यांत सामान बांधायला मिळणाऱ्या वेळेचा फरक आहे.

मौदा-कुही भागातल्या गावांना हे ॲप कामाचं आहे, एका खास कारणाने. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते आणि खाली गोसीखुर्द आहे, ३३ दरवाज्यांचं. वैनगंगा आधीच तुडुंब असेल तर कन्हानचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. आपल्या गावात पाऊस नाही, कन्हानच्या वरच्या भागातही फारसा नाही, तरी पाणी चढतंय, असं होतं तेव्हा उत्तर खालच्या नदीत असतं. त्यामुळे या भागातल्या माणसाने वरचं केंद्र आणि खालचं केंद्र दोन्ही पाहायचं. फक्त वर बघणारा फसतो.

शहराला मात्र या ॲपचा उपयोग जवळपास शून्य. नाग नदी, पिवळी नदी, पोरा नदी यांची पातळी तिथे सापडत नाही. ही उणीव फार मोठी आहे आणि ती नुसती तांत्रिक नाही. मोठ्या धरणाचा दरवाजा कुणीतरी उघडतं, त्यासाठी आदेश निघतो, आदेशाबरोबर तहसीलदार, पोलीस पाटील, कोतवाल अशी सूचना उतरते आणि गावात दवंडी फिरते. २०२३ मध्ये अंबाझरीच्या सांडव्याला दरवाजेच नव्हते. तलाव भरला की पाणी आपोआप ओसंडायचं. उघडण्याचा आदेश नव्हता, म्हणून कुणाला कळवण्याची साखळीही नव्हती. दीडशे वर्षांहून जुना मातीचा बांध, खाली नदीपात्राला खेटून उभं राहिलेलं शहर आणि मधे पाण्याची पातळी सांगणारं काहीच नाही, ही त्या पहाटेची परिस्थिती होती. सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक आणि पात्रातली बांधकामं यांचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, ते योग्यच झालं. पण अडथळे निघाले तरी पातळी सांगणारा आकडा हवाच. तलावाची पातळी दर पंधरा मिनिटांनी सर्वांना मोबाइलवर दिसावी ही मागणी वस्तीवस्तीने लावून धरावी. त्याला लागणारा सेन्सर ही काही दुर्मिळ वस्तू नाही.

दामिनी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ॲप. विजा टिपणाऱ्या सेन्सरांच्या जाळ्यावर चालतं आणि आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं काढून त्यात पडलेल्या विजा रंगीत खुणांनी दाखवतं. रंगावरून वीज किती मिनिटांपूर्वीची ते कळतं. ज्या कामासाठी बनवलं ते काम हे ॲप चारही सेवांत सर्वांत नेमकेपणाने करतं.

चुकतं ते फोनमध्ये. नव्या फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी न उघडलेली ॲप झोपवली जातात, मग सूचना येतच नाही. दामिनीच्या ॲप-माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ ठेवा. डेटा बंद असेल तर ॲप मुकं आहे, आणि शेतात रेंज नसेल तर डेटा असूनही मुकं. म्हणून दामिनी घरी बसलेल्याने पाहावी आणि शेतातल्याला फोन करावा, ही विभागणी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. वीसच्या वर्तुळात खुणा दिसायला लागल्या की वाट पाहू नका. काम तिथेच सोडा.

रेंजच नसेल तर कान आणि डोळे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, आलेली संख्या म्हणजे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि इथून पुढची वीज आपल्यावर पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून धुऱ्यावर परतणारे यात सापडतात.

झाडाखाली जाऊ नये हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेल्या जागा सांगतो: विहिरीवरच्या पंपाची स्टार्टर पेटी, तारेचं कुंपण, बिनाकॅबिनचा ट्रॅक्टर, चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. वीज झाडावर किंवा जमिनीत उतरली की ती जमिनीतून पसरते आणि दोन पायांतलं अंतर जितकं जास्त तितका शरीरातून प्रवाह जास्त. म्हशी-बैल यामुळेच जास्त मरतात, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असतं. आसरा मिळालाच नाही तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, हात जमिनीला टेकवू नका, आडवं पडू नका. रामटेक-मौद्याकडे धान रोवणाऱ्या बायका एका ओळीत, एकाच पाण्यात उभ्या असतात. बांधावर आल्यावरही घोळका करू नये, अंतर ठेवून बसावं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा.

चारही सेवांना जे जमत नाही

आपल्या गल्लीत या तासात किती पाऊस पडला, आपल्या पुलाखाली पाणी कुठवर आलं आणि दोन घरं सोडून राहणारे काका उठले का, हे तीन प्रश्न कुठलंच ॲप सोडवत नाही. ते वस्तीलाच सोडवावे लागतात, आणि खर्च फार नाही.

पहिल्यासाठी साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक घ्या. त्याचं तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरच्या आसपास आणि भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर असावं. गच्चीवर कठड्याला खेटून ठेवलेला मापक वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतो. कृषी विभागाच्या महारेन पोर्टलवर महसूल मंडळाचा पाऊस मिळतो आणि मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. नुकसानीच्या वेळी तो आकडा कामाचा, पण तो दुसऱ्या दिवशी मिळतो. रात्री जागणाऱ्याने आपला मापक तासातासाला वाचावा. आमचा ठोकताळा असा: आधीच चार दिवस पाऊस लागलेला असेल आणि तासाभरात ३० मिलिमीटर झाले, तर एकाने जाऊन लांबून नाला पाहावा. दुसऱ्या तासातही तेवढाच पडला तर तळमजला रिकामा करायला घ्यावा, पाणी दिसण्याची वाट न पाहता. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी, आणि सिमेंटचे रस्ते त्यातलं काही पीत नाहीत.

दुसऱ्यासाठी पुलाच्या खांबावर किंवा नाल्याच्या पक्क्या भिंतीवर दर २५ सेंटिमीटरला पट्टे रंगवा, वरच्या दोन पट्ट्यांवर रात्री चमकणारी टेप लावा म्हणजे टॉर्च मारला की लांबून वाचता येतात. खालच्या काठाला उतरून वाचायची वेळ येऊ नये. कोणत्या पट्ट्याला काय करायचं ते आधी ठरलेलं असावं: एका पट्ट्याला गाड्या वर, पुढच्याला मेन स्विच बंद आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, त्यापुढच्याला माणसं वरच्या मजल्यावर. वाहत्या पाण्यात घोट्यापेक्षा थोडं वर, पंधरा सेंटिमीटर पाणीही माणसाचा तोल घालवतं, तीस सेंटिमीटरला छोटी कार तरंगायला लागते. पाणी आल्यावर गाडी काढायला जाऊ नका.

तिसऱ्यासाठी फोनसाखळी. फोन सायलेंट किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असला तरी काही उपाय आहेत. पसंतीच्या नंबरांना सूट देता येते, आणि ‘रिपीट कॉलर’ची सोय चालू असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही एकाच नंबरवरून लागोपाठ आलेला दुसरा कॉल वाजतो. म्हणून नियम करा की एकदा उचलला नाही तर ताबडतोब पुन्हा लावायचा. प्रत्येकाने दोघांनाच उठवायचं आणि उठलेल्याने ‘उठलो’ असा उलट निरोप द्यायचा. निरोप आला नाही तर दार वाजवायला जायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली सूचना ही सूचना नव्हे, ती सकाळी वाचली जाते. महावितरण पाणी चढल्यावर सुरक्षेसाठी वीज बंद करतं आणि टॉवर बॅटरीवर जातो, म्हणून साखळी लवकर हलवावी आणि प्रत्येक गल्लीला एक शिट्टी किंवा हातभोंगा असावा. २०२३ च्या पुरात बळी गेलेल्यांत अंथरुणाला खिळलेली माणसं होती. अशा घरांची यादी वेगळी करा, त्यांच्याकडे दोन धडधाकट माणसं नावानिशी ठरवून द्या आणि त्यांना पहिल्या पट्ट्यालाच हलवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवा.

चारही ॲपमध्ये इतिहास नाही याची खंत वाटते. मोवाडचा पूर नव्या पिढीला कुठल्याच नकाशावर दिसत नाही. जलसंपदा विभाग निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची काढतो. घर किंवा दुकान घेण्याआधी ती पाहायलाच हवी. जिथे रेषा काढलेली नाही तिथे भिंतीवरचा डाग हाच पुरावा. पाणी ओसरल्यावर धुण्याआधी डागाच्या वरच्या कडेला पक्क्या रंगाने रेघ मारा, तारीख आणि पाणी सर्वांत वर होतं ती वेळ लिहा, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. २०२३ मध्ये घरांना दहा हजार आणि दुकानांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर झाली तेव्हा सगळं पंचनाम्यावर अडलं होतं. चिखल काढून फरशी चकाचक केलेल्या घरात तलाठ्याला काय दिसणार? ओला माल फेकण्याआधी त्याचे फोटो, बिलं आणि मीटर क्रमांकाचा फोटो एकत्र ठेवा, आणि त्याची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून द्या.

साखळीची चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी घ्या. दिवसा नको, रात्री दोनलाच घ्या, आणि आदल्या दिवशी कुणाला सांगू नका. पहिल्या फोनपासून शेवटच्या ‘उठलो’पर्यंत पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर साखळी लांब झाली आहे, तिचे दोन तुकडे करा.